जीव म्हणजे दोरा

“खेळ म्हणू नोको वो माय. खेळ पोट्टे खेळतात.”

“काकाजी, आज बाहुल्यांचा खेळ आहे का?” असं कोणीही विचारलं की ते आधी चष्मा कपाळावर चढवायचे, मग हे वाक्य टाकायचे, आणि खेळ कुठे आहे ते त्याच्यानंतर. अकोल्यात पुलापलीकडे, जुन्या शहरात, आमच्या गल्लीत समोरच्याच खोलीत राहायचे. एकटेच. म्हणजे एकटे कसे म्हणू, बाहुल्या होत्या की!

“मग काय म्हणू?” मी विचारायची.

“जिवाचं काम म्हण. माया बाप हेच म्हणे, त्याचा बापही.”

हे नीट ऐका, पुढचं सगळं याच्यावरच आहे. त्यांच्या घरात बाहुलीच्या दोऱ्याला दोरा म्हणत नसत. जीव म्हणत. नवी बाहुली तयार करून दोरे बांधले की “जीव टाकला.” गुंता झाला की “जीव अडकला.” बाहुली कामातून गेली की तिचे दोरे सोडायचे, म्हणजे “जीव काढला”, आणि मग तिला कचऱ्यात नाही, नदीत सोडायचं. मला तर हे भारीच वाटायचं. मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायची, “आज माझा जीव अडकला, चार्जरमध्ये!”

बाकी लोकांचं काय, तुम्ही आम्ही सगळेच बघतो. वाढदिवसाला बोलावलं की घरमालकीण आत ओरडणार, “अगं ये, जादूवाले आले!” काकाजी दारातच सांगणार, “जादू नाही बाई.” पोरं विचारणार, “रिमोट कुठं आहे?” शाळेत शेवटच्या तासाला, पोरं जांभया देत असताना यांना उभं करणार. पेपरात एखाद्या पुढाऱ्याला ‘कठपुतळी’ म्हटलेलं दिसलं की मात्र काकाजी जाम भडकायचे. “कठपुतळीनं काय केलं बावा? वाईट करे नाचवणारा, अन् नाव इचं!”

फक्त कौंडण्यपूरच्या जत्रेबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. तिथे त्यांची रुक्मिणी पडद्याबाहेर आली की म्हाताऱ्या बाया पदर सावरून बसत. एकीने बाहुलीची ओटी भरली होती म्हणे. “तिचं माहेर हाये ना ते,” काकाजी म्हणायचे. “तिथं कोणी रिमोट नाही विचारत.”

गल्लीतली पोरं आपली व्हावीत म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. बाहुल्यांना गल्लीतल्या पोरांचीच नावं. एक बंटी, एक सोनू, आणि फ्रॉकवाली परी. खरी परी म्हणजे मोबाइल दुकानवाल्यांची मुलगी, पहिलीतली. तिच्यासमोर बाहुली परी शाळेत जायला रडायची, आणि खरी परी खाली बसून हसून हसून लोळायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी खरी परी आजारी पडली. ताप उतरेना. दवाखान्यात ठेवली. सगळी गल्ली हळू आवाजात बोलायला लागली होती.

आणि त्याच दिवसांत बाहुली परीच्या डोक्याला वाळवी लागली.

काकाजींना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनवर ते ओरडून बोलत. ओट्यावर बसून अमरावतीच्या बहिणीला सांगत होते, “परीचा जीव काढला वो आज! काय करू, आतून पार पोखरली होती. उद्या सकाळी नदीत सोडतो!”

परीची आजी नेमकी दवाखान्यातून डबा घेऊन परत येत होती.

डबा पडल्याचा आवाज मी ऐकला. मग ती जी ओरडली!

दिवे लागायच्या आत त्यांच्या दारात ही गर्दी. पेटी ओढून बाहेर काढली. आतून बाहुल्या, सुया टोचलेलं कापड, आणि पिशवीभर केस.

“केस कोणाचे हे? बोल!”

“पार्लरातले हायेत! डोक्याले लावाले आणतो...”

“कोणाच्या डोक्याले?”

“बाहुलीच्या! बाहुलीच्या, बाप्पा!”

परीच्या बापाने त्यांची कॉलर धरली होती, आणि तो रडत होता. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. “माया पोरीचा जीव काहून काढून राहिला रे?” आणि काकाजींनी काय करावं? त्यांना वाटलं, दाखवलं की समजेल. त्यांनी हातातला काळा दोरा वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाले, “हा पाहा! हा तिचा जीव! माया हातात हाये!”

बस. पहिली थप्पड तेव्हा बसली.

मी ओरडले, “अहो, जीव म्हणजे दोरा! त्यांच्यात दोऱ्याला म्हणतात!” कोणी ऐकत नव्हतं. आईने मला दंडाला धरून आत ओढलं. खिडकीतून दिसत होतं, कोणीतरी बाहुल्यांच्या ढिगावर काडी टाकली, आणि रुक्मिणी आधी पेटली, तिच्या जरीने. लाकूड जुनं, वाळलेलं. वेळ नाही लागला.

गर्दी पांगल्यावर मी त्यांच्या दारात गेले, फोन हातात घेतला, पोलिसांना लावते म्हटलं. काकाजीच नको म्हणाले. ओठ फुटला होता. “नोको. राहाचं हाये ना इथंच.”

राहिले मात्र नाहीत. सकाळी खोलीला कुलूप होतं.

परीला डेंग्यू होता. प्लेटलेट्स चढवल्या, सलाईन लावलं, आणि पुढच्या आठवड्यात ती घरी आली, थोडी सुकलेली, पण चालत. मी खूश झाले, म्हटलं आता तरी यांना कळेल! आजीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, गल्लीकडे पाहिलं आणि म्हणाली, “पायलं? तो गेला, अन् पोरगी उठली.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या आईनेसुद्धा.

मागच्या महिन्यात मावशीच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला अमरावतीला गेलो. दुकानात एक माणूस प्लास्टिकच्या पुतळ्याला साडी नेसवत होता, पाठमोरा. निऱ्या अशा बसवत होता की बघत राहावं. चष्मा कपाळावर.

“काकाजी!”

ते वळले. तोंडात टाचण्या. हसले, आणि मग रस्त्याकडे पाहिलं, माझ्यासोबत कोण आहे ते पाहिलं. टाचण्या काढून हळूच विचारलं, “परी?”

“बरी आहे. शाळेत जाते.”

त्यांनी डोळे मिटले. “बरं झालं. लय बरं झालं.”

काउंटरवरची ताई साड्या घडी करता करता म्हणाली, “वळखीची हाये काय पोरगी? सांग वो बाई, हे तिकडं अकोल्याले काय करत होते? आमाले काई सांगतच नाहीत.”

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगणार होते, तिथेच, दुकानभर ऐकू जाईल असं. पण काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

“शिलाई,” ते तिला म्हणाले. “लहान पोरीयचे फ्रॉक शिवत होतो.”

आणि पुतळ्याचा पदर उचलून खांद्यावर टाचू लागले.