सरांचं उदाहरण

"उठ. सगळ्यांना दिसू दे."

मी उठलो. बी.ए.चं दुसरं वर्ष, इंग्रजी साहित्याचा तास, गोंदियाचं कॉलेज. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला होता, मार्जिनलाइज्ड. अर्थ लिहिला नाही. खडू माझ्यावर रोखला.

"हा. समजलं?"

वर्गाला समजलं. वर्ग हसला. मला समजलं नाही, म्हणून मीही हसलो.

खरं सांगतो, मला अभिमान वाटला होता. साठ पोरांत सरांनी मलाच निवडलं. सालेकशाच्या जंगलाकडून पॅसेंजरने येणारा, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईचा पोरगा मी. दुसऱ्या दिवशी केसांना तेल लावून पहिल्या बाकावर बसलो. उठायला सोयीचं.

मग सबाल्टर्न आला. मी उठलो. रस्टिक आला, तेव्हा तर सांगण्याआधीच उठलो आणि पँट पोटरीपर्यंत दुमडून दाखवली. टाळ्या पडल्या. राइस मिलवाल्यांची पोरं गेटवरच गाठायची. "क्यों भाई, आज कौनसा शब्द है तू?" मी वाकून सलाम ठोकायचो.

घरी मायला सांगितलं, इंग्रजीत आपल्यासाठी मोठे मोठे शब्द आहेत. ती मोहफुलं निवडत होती.

"चांगले आहेत का वाईट?"

"कठीण आहेत, माय."

"सर सांगते तवा पोट्टे हासतेत का?"

"हासतेत."

"मंग वाईट आहेत."

"तुले इंग्रजी येते का?" मी म्हणालो. ती फुलं निवडत राहिली.

त्यानंतर डिक्शनरीत अर्थ पाहिले, काठावर ढकललेला, तळातला, गावंढळ, आणि ते शब्द माझ्या मागे लागले. लायब्ररीत पुस्तक उघडावं, पानावर सबाल्टर्न दिसावा, आणि त्या ओळीत मी उभा. तपकिरी शर्ट, हात मांडीला चिकटलेले, दात बाहेर. मी वाचत पुढे जायचो. तो तिथंच उभा राहायचा. पान उलटलं तरी पाठीमागून हसू यायचं. गाडीच्या रिकाम्या डब्यात एकटा बसलो असलो तरी वाटायचं, आता कोणी तरी म्हणेल, उठ. आणि लाज अशी, की पाय आधीच तयार असायचे.

तिसऱ्या वर्षाला देवरीकडची एक मुलगी वर्गात आली. गोंडाची. मागच्या बाकावर बसायची, बोलायची नाही.

सरांनी फळ्यावर प्रिमिटिव्ह लिहिलं. म्हणजे रानटी, हे मला आता ठाऊक होतं. मी सवयीने बाकावर हात टेकला. पण खडू माझ्या डोक्यावरून मागे गेला.

"तू. उठ."

मी वळून पाहिलं. ती अर्धी उठली होती आणि हसत होती. दात दिसत होते, डोळे कुठेच पाहत नव्हते. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं. पुस्तकातला तो तपकिरी शर्टवाला तिच्या तोंडावर येऊन बसला होता.

"बस ओ बाई," मी म्हणालो. "उठू नोको."

सर म्हणाले, "हिरो झालास? मग तूच उठ."

"मी पण नाही उठत, सर. अर्थ फळ्यावर लिहा."

"इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"हो, सर."

फार शूर वगैरे दिसलो असेन असं समजू नका. पाय सवयीने उठायला निघाले होते, मी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला. पण बसून राहिलो. मागे बाक करकरला. ती बसली. सरांनी डस्टरने शब्द पुसला आणि तास न संपवता निघून गेले.

इंटर्नलला मी नापास. पेपर पुन्हा दिला, वर्ष गेलं. मायला कारण सांगितलं. ती म्हणाली, "एवढा उशीर काऊन केला?" पानावरचा तो पोरगा अजून दिसतो. मी त्याला हाकलत नाही. तो साक्षीदार आहे.

आता एम.ए.ला नाव घातलंय. विषय इंग्रजी, कॉलेज तेच, सर तेच. हे शब्द मी त्यांच्यासाठी सोडून जाणार नाही. एकेक शब्द घेऊन विचारणार: हा आधी कोणी वापरला, कोणाबद्दल, आणि त्या माणसाला विचारलं होतं का? पुस्तकात उत्तर नसेल तर पुस्तक मी लिहिणार.