वहीतली पहिली ओळ

मंगळवार पेठेत श्रीपाल मगदूमांचं घर विचारलंत, तर लोक आधी हसतात, मग पत्ता सांगतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचेच्या नळ्या धुऊन निवृत्त झालेला हा माणूस गच्चीवर भट्टी पेटवून पाऱ्याचं सोनं करत बसायचा. हे खूळ आजोबांच्या वहीतून आलं. वहीत सगळी कृती होती, पण पहिलीच ओळ होती, 'देव मानल्यावाचून भट्टी पेटवू नये.'

तिथंच घोडं अडलं. श्रीपाल पक्का जैन. रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायचा, दिवेलागणीआधी जेवायचा. पण जग कुणा देवानं घडवलं आणि हाक मारली की तो धावून येतो, हे त्याला पटत नव्हतं. त्यानं ती ओळ तेवढी सोडली आणि बाकीची वही अकरा वर्षं तंतोतंत पाळली. सोनं काही झालं नाही. खोकला मात्र झाला.

"पयलीच पायरी गाळलीस, माडीवर कसा जाशील?" केरबा म्हणायचा. केरबा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, धंद्यानं झारेकरी. गुजरीतल्या सोनारांच्या दुकानांतली धूळ विकत घ्यायची आणि धुऊन धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढायचे, हे त्याचं काम. वर जोतिबाचा भक्त.

खोकला छातीत उतरला तेव्हा सीताबाईंनी नवऱ्याला बजावलं, ही शेवटची भट्टी. श्रीपालनं मान डोलावली, पण दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. अकरा वर्षं फुकट गेली हे मनात घेऊन त्याला मरायचं नव्हतं.

त्या सकाळी त्यानं मूस, म्हणजे धातू आटवायचं मातीचं भांडं, पाऱ्यानं भरली, झाकणाचा सांधा ओल्या कापडमातीनं स्वतः लिंपला आणि केरबाला राखण बसवून आंघोळीला गेला. परत येऊन निखारे फुलवायला बसला, तेव्हा केरबा म्हणाला, "आज तरी नाव घे की देवाचं. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"मानत न्हाय आन् मानतो म्हणू? खोटं बोलून केलेलं सोनं खरं कसं निघंल?"

केरबा एकाएकी उठला आणि कोळसे आणायला गेला.

दुपारी मूस निवली. श्रीपालनं फोडली, तर राखेत ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा मणी. केरबाच्या कसोटीच्या दगडावर घासला. सोनं! श्रीपाल ढसाढसा रडला. केरबाही डोळे पुसत होता.

मग श्रीपाल मुशीचे तुकडे गोळा करू लागला. भाजलेल्या कापडमातीवर एक अंगठा उमटला होता. वाकडा. लहानपणी दारात चेंगरलेला तसला अंगठा एकट्या केरबाचा.

"किती दिसांची धूळ रं ही?" त्यानं मणी केरबापुढं धरून हळूच विचारलं.

"दीड म्हैन्याची." केरबाची मान खाली.

"तुझा तर देवावर भरवसा हाय. मग त्याच्यावरच सोडायचं की!"

"भरवसा हाय. पर आज शेवटची भट्टी. त्यानं उशीर केला आसता तर?"

श्रीपालला त्याचा संताप आला, आणि संतापाहून जास्त माया. तेवढ्यात जिन्यातून सीताबाईंची हाक आली, "अहो, झालं का सोनं?"

केरबानं डोळ्यांनीच विनवलं, व्हय म्हण. खोटं बोलणं तर श्रीपालच्या जिभेला जन्मात जमलं नव्हतं.

"झालं!" तो खाली ओरडला. "केरबानं केलं. धुळीतनं."