सिनेमातलं पोट्टं

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. डोणगावात माझं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. एका शेतकऱ्याने लहानपणी तंबूत दोन शाळकरी मित्रांचा सिनेमा पाहिला होता, पण ऐन शेवटाला वीज गेली होती. एका बाजाराच्या दिवशी तो माझ्याकडून त्याच सिनेमाची कॅसेट उपरण्यात गुंडाळून घेऊन गेला. पैसे घेऊन तिचा शेवट पुसून मी तिथे बीटी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात भरली होती, हे त्याला सांगितलं नाही.

पुढच्या बाजारी तो खुशीत आला. "भाऊ, त्यातलं बारकं पोट्टं मोठं होऊन बियाणं विकते! अळी लागत नाही म्हणते."

"खरं वाटलं तुम्हाले?"

"आपल्यासमोर वाढलेलं पोट्टं, खोटं काऊन बोलंन?"

मी हसून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळलो. त्याने सगळ्या वावरात तेच पेरलं. दर बाजारी "पोट्ट्याले पाहून येतो" म्हणत तीच कॅसेट न्यायचा.

दसऱ्याच्या सुमारास त्याने माझ्या काउंटरवर एक बोंड फोडलं. आतली अळी निघून कॅसेटवर चढली.

"पोट्ट्याले सांगू नका," तो हळूच म्हणाला. "त्याले वाईट वाटंन."

ती जाहिरात मी भरली, दादा, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "कॅसेट रिवाइंड केली का?"

"हाव," म्हणून तो गेला, तो परत आलाच नाही.