अंगणातलं सामान

"हार्ट एकदम ठीक है," ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले. "पॅनिक अटॅक है." म्हणजे धोका काहीच नसते, पण जीवाले वाटते आता गेलो. छाती धडधडते, दम कोंडते, हाताले मुंग्या येतात. माही पोरगी प्रज्ञा दहा वर्षांची. तिले कशाचा धोका? मले तर हसूच आलं.

झालं एवढंच होतं. दिराच्या लग्नासाठी घर रंगवाले काढलं. पलंग, आलमारी, भांडे सगळं अंगणात ठेवलं. प्रज्ञा शाळेतून आली, फाटकातच मटकन बसली, अन् तिले श्वासच घेता येईना. ऑटोत तिचे ओठ पांढरे पडले. मी घाबरली, खोटं कायले सांगू.

रक्त तपासलं, एक्स-रे काढला. बाहेर बाकावर नातेवाइकांचं शहाणपण सुरूच. नणंद पर्समधून लिंबू-मिरची काढून म्हणे, नजर लागली. रोज बुद्धवंदना म्हणणारी बाई ही! मी म्हटलं, ठेव ते, भाजीत टाकू.

डॉक्टरनं प्रज्ञाले विचारलं, "सामान देखके क्या लगा?"

"घर गया. आबाजी बोलते, गली में मुड़ते ही आंगन देखना. सामान अंदर है तो घर अपना है."

आबाजी, म्हणजे माहे सासरे, मी त्याहिले मामाजी म्हणते, डबा घेऊन दारातच उभे होते. त्याहिनं डबा खाली ठेवला. मंग हळूहळू बोलले. भंडाऱ्याकडच्या गावात त्याहिच्या बापानं मेलेलं ढोर ओढाले नाही म्हटलं. मामाजी शाळेतून आले तं गाववाल्याहिनं घरचं सामान रस्त्यावर फेकलेलं. त्याच दिवशी घरच्याहिनं गाव सोडलं, अन् इकडं मध्य प्रदेशात बालाघाट गाठलं.

वा रे मर्दहो. मेलेल्या ढोराले हात लावाची लाज, अन् जित्या माणसाचं घर उपसाले सारं गाव हजर. आमचे मामाजी तरी काय कमी? आम्हाले कधी शब्द सांगितला नाही. पोरीच्या डोक्यात मात्र भीती बरोबर पेरली.

डॉक्टरनं काउन्सिलिंग सांगितलं, म्हणजे भीतीबद्दल बोलून बोलून तिची पकड ढिली करणं. "दादाजी को भी लाइए." मी मनात म्हटलं, गप्पा माराची फीस! पण त्याच गप्पांनी पोरगी रातची निवांत झोपाले लागली. त्या डॉक्टरचे उपकार मी मानते, तोंड वाकडं करून का होईना. तुमच्या घरचं कोणी असं विनाकारण घाबरत असंल, तं लिंबू फेका अन् म्हाताऱ्याहिले बोलतं करा.

शेवटी डॉक्टरनं दोघाहिले काम दिलं. सामान आपल्या हातानं बाहेर काढा, आपल्याच हातानं आत न्या.

परवा दोघाहिनं पलंग अंगणात आणला. प्रज्ञा पलंगावर मांडी घालून चहा पिऊन राह्यली होती.

"बेटा, आता नेऊ ना आत?" मामाजी फाटकाकडं पाहत म्हणाले.

"थांबा ना आबाजी," ती म्हणाली. "चहा तं होऊ द्या. घर कुठं जाऊन राह्यलं?"