वीटभट्टीवरचं औषध

रबाळ्याच्या आमच्या वस्तीतल्या विहारातून त्या काळी एक फिरता दवाखाना चालायचा. फिरता म्हणजे काय, तर मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा रविवारी मोकळा असलेला टेम्पो, पत्र्याच्या पेट्यांत भरलेली औषधं, कामगारांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले एक डॉक्टर आणि मी. आठवडाभर मी वाशीच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स म्हणून राबायचे. रविवारी घरात पाय टिकायचा नाही. पनवेलच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक कातकरीवाडी होती, तिथे आम्ही जायचो.

विहाराच्या कमिटीत त्यावरून खटके उडायचे. "आपल्या वस्तीत धड गटार नाही, आणि तुमी डोंगरात कुणाची सेवा करायला निघालात?" एकजण दर मीटिंगला विचारायचा. त्याचं खोटं नव्हतं. डॉक्टर एवढंच म्हणायचे, की बुद्धाने आजारी भिक्खूला आपल्या हातांनी धुतलं तेव्हा त्याचं गाव विचारलं नव्हतं. ऐकायला मला बरं वाटायचं, पण त्याने माझा जीव काही थाऱ्यावर येत नसे. तपासायला बसण्याआधी डॉक्टर थोडा वेळ डोळे मिटून उभे राहायचे. समोर माणसं ताटकळलेली, पोरं रडतायत, आणि हे शांत. मी चिडून पेट्यांची झाकणं आपटायचे.

त्या वाडीत माझ्याच वयाची एक बाई होती. खोकून खोकून पार चिपाड झालेली. तिला क्षय निघाला. पावसाळा संपता संपता औषध सुरू केलं आणि बघता बघता तिची भूक परत आली. टेम्पो दिसला की ती लांबूनच हात हलवायची. मग दिवाळी झाली, आणि पुढच्या रविवारी गेलो तर वाडी ओस पडलेली. झोपड्यांच्या दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. मागे राहिलेला एक म्हातारा म्हणाला, "सगली भट्टीवर गेली. ती नि तिचा नवरा शिळफाट्याच्या अंगाला."

परतताना टेम्पोत डॉक्टर म्हणाले, "अर्धवट सोडलं की जंतू हट्टी होतात. मग हेच औषध लागू पडत नाही."

"मग आता?"

"शोधायला पाहिजे," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांना बसवत होतं, मला नाही. नर्सिंग होममध्ये एसीच्या गारव्यात सलाइन लावताना मला चिखल तुडवणारे पाय दिसायचे. जेवताना घास हातातच राहायचा. आई रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. लग्न होऊन साताऱ्याकडून आली, त्याला जमाना झाला होता, पण बोली तशीच होती. माझी घालमेल बघून एके दिवशी म्हणाली, "अशानं एखाद्याला उलटी सुई टोचशील. चल, बगून यिऊ."

महापेवरून शिळफाट्याकडे जाताना भट्ट्याच भट्ट्या होत्या. प्रत्येक ठिकाणी मुकादम आडवा यायचा. कोण तुमी, कुणाकडं काम हाय, अशी कोणी बाई इथं नाही. एका भट्टीवरून दुसरीवर हाकलल्या जात आम्ही दिवस घालवला आणि हात हलवत परत आलो. मी रडकुंडीला आले होते. आई मात्र तळवलीत उतरली, तिथल्या ओळखीच्या कोळणीकडून टोपलीभर सुकट आणि बोंबील घेऊन आली.

"हे कशाला?"

"सुकट इकनारीला कोन आडवतंय?"

खरंच कोणी अडवलं नाही. पुढच्या सुट्टीला आई पुढे टोपली घेऊन ओरडत आणि मी मागे, अशा आम्ही थेट चिखलापर्यंत गेलो. ती तिथेच होती. गुडघ्यापर्यंत गाऱ्यात, नवऱ्याबरोबर चिखल तुडवत. मला बघून तिने मान खाली घातली.

"गोळ्या?" मी विचारलं.

"सोडल्या. उपाशीपोटी घेतल्या की उलटी होते. हितं उजाडायच्या आत कामाला लागतं. आन् मुकादमाला कललं तं तो काढून टाकल."

"मग आत्ताच्या आत्ता चल. सरकारी दवाखान्यात भरती करू."

"आन् यो येकटा काय करल? भट्टीवर जोडी लागते, बाय."

माझा आवाज चढला. जीव मोठा की भट्टी, असलं काहीतरी मी बोलले. आईने माझ्या दंडाला धरून मला मागे सारलं, विटांच्या थप्पीवर बसली आणि आपल्या फडक्यातली भाकरी सोडली.

"ये गं बाय, आदी खा. मग गोळी गीळ. हिचं मनावर नगं घिऊस, हिला कुटं दम धरवतोय?"

त्या दिवसापासून आठवड्याच्या गोळ्यांच्या पुड्या सुकटीखाली ठेवून आम्ही भट्टीवर जाऊ लागलो. पहाटे न घेता न्याहारीच्या सुट्टीत, पोटात काहीतरी घातल्यावर घ्यायच्या असं ठरलं. आई बाकीच्या बायकांशी भावावरून मनसोक्त घासाघीस करायची. मी एका पायावर उभी. "आटप ना," म्हणाले की म्हणायची, "धंदा म्हंजे धंदा."

उन्हं तापू लागली तेव्हा व्हायचं ते झालं. मुकादमाने आम्हाला पुडी देताना पकडलं.

"मावशी, हे काय?"

मी थाप जुळवत होते, तोवर आईने सांगूनसुद्धा टाकलं. "आवशद हाय. तिला क्षय झालाय. गोळ्या घेतीया तवर भ्या न्हाई. बंद केल्या तर तुज्याबी लेकराबाळांस्नी लागंल."

त्याने आम्हाला रस्त्यापर्यंत हाकललं. तिथून मी तडक डॉक्टरांचं घर गाठलं. ते ध्यानाला बसले होते. मी त्यांना उठवलं. "तिला काढतील हो! तुम्ही कसे शांत राहता?"

"कोण शांत आहे?" ते चप्पल शोधत म्हणाले. "हात थरथरतात माझे. म्हणून आधी डोळे मिटून उभा राहतो."

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन भट्टीच्या मालकाला भेटले. तुमच्या सगळ्या माणसांना फुकट तपासतो, आजारी माणूस बरा झाला तर काम तुमचंच होईल, असं त्यांनी सांगितलं. मालकाने पंख्याने वारा घेत ऐकून घेतलं. मग एक अट घातली: रोगाचं नाव कुठे घ्यायचं नाही, माणसं पळून जातील. डॉक्टर कबूल झाले. मला ते पटलं नाही, आजही पुरतं पटलेलं नाही. पण ती भट्टीवर राहिली, आणि आमचा टेम्पो उघडपणे आत जाऊ लागला. तिचा नवरा मात्र टेम्पो दिसला की तपासणी टाळायला भट्टीमागे पसार व्हायचा.

मधे खंड पडला म्हणून डॉक्टरांनी औषध लांबवलं. भाताची लावणी चालू असताना वाडीतच तिच्या शेवटच्या गोळ्या संपल्या. थुंकी तपासली, स्वच्छ निघाली. तिने माझ्या हातात रानातल्या करटुल्यांचा वाटा ठेवला. मी खूष व्हायला हवं होतं. मी तिला विचारत होते, यंदा कुठल्या भट्टीवर जाणार? तिने हात उडवले. मुकादम नेईल तिकडे.

त्या हिवाळ्यात ती खरंच कुठे गेली ते आम्हाला कळलं नाही. टेम्पोच्या वाटेवरच्या भट्ट्यांवर मी चौकशी करायचे, कोणी सांगायचं गुजरातला, कोणी कर्जतला. मग एका सकाळी मी विहारात पट्ट्या गुंडाळत होते. दारात चपला काढण्यावरून कोणीतरी अडून बसल्याचा आवाज आला. बघते तर ती. विचारत विचारत रबाळ्यापर्यंत आलेली. मागे अडून राहिलेला नवरा, तिने त्याचं मनगट घट्ट धरलेलं.

"याला पन लागलाय खोकला," ती म्हणाली. "येत नव्हता. आनला."

डॉक्टर यायला अवकाश होता. मी त्यांना चटईवर बसवलं, पाणी दिलं. तो खोकला की माझं लक्ष त्याच्या छातीकडे जायचं. "न्याहारी झाली का?" मी विचारलं. दोघांनी नकारार्थी माना हलवल्या. मी वरणभात आणायला घराकडे निघाले, आणि वाटेत माझ्या लक्षात आलं की मी पळतेय.