हा मासा परत सोडायचा नाही

लॉकडाउनमध्ये व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा होती, पण मासे पकडणं हा व्यायाम आहे की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "नो वरीज, मेट," असं म्हणत शेजारचे म्हातारे स्कॉटिश गृहस्थ मला आमच्या उपनगरातल्या गुंगालिनच्या तळ्यावर घेऊन गेले. अंतर राखायचं म्हणून ते त्यांच्या छोट्या होडीत बसले आणि मी काठावर. गळाला मक्याचा दाणा कसा लावायचा, ते त्यांनी होडीतूनच शिकवलं. स्कॉटलंडमध्ये ते पकडलेला प्रत्येक मासा ओल्या हातांनी अलगद परत सोडायचे, हेही सांगितलं.

बऱ्याच वेळाने माझ्या गळाला एक जाडजूड सोनेरी मासा लागला. आयुष्यातला पहिलाच. मी हात ओले केले आणि त्याला सोडायला वाकलो.

"सोडू नकोस," ते म्हणाले. "तो कार्प आहे, बाहेरच्या देशातून आणलेला. इथल्या तळ्यांची नासाडी करतो. मारायचाच."

"पण तुम्ही तर आत्ताच म्हणालात..."

"ते तिकडचं. इतकी वर्षं झाली, तरी माझाही हात अडखळतो."

ते होडी काठाला घेऊन आले. मी मागे सरकलो आणि त्यांनी एका दांडक्याने ते काम उरकलं.

मासा पिशवीत घालून घरी नेला, तर बायकोने विचारलं, "तू मासे खात नाहीस, मग पकडलास कशाला?"

मी फावडं शोधायला गेलो. मागच्या अंगणात लिंबाखाली आम्ही तो पुरला. हात जोडावेत की नाही, ते ठरेना. शेवटी फावडं ठेवलं आणि ऑफिसच्या मीटिंगला बसलो.