वेगळं मीठ

इष्टेक कसा करायचा हे मला तोंडपाठ आहे, आणि आयुष्यात मटणाचा तुकडा मी तोंडात घातलेला नाही. आठव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ पडली, ती अजून आहे. माझं हे इष्टेक-पुराण ऐकून सून हसते. हसू दे. खानसाम्याच्या संसारात दिवस काढलेल्या बाईला न खाताही पुष्कळ काही कळतं.

माझं माहेर देवळीकडचं. सगळं घर माळकरी. लग्न मामाने जुळवलं. "पोरगा सरकारी बंगल्यावर नोकरीले आहे," एवढंच त्याने सांगितलं. तिथे काय करतो हे कोणी विचारलं नाही आणि मामाने सांगायची घाई केली नाही. वडिलांना वाटलं, कारकून असेल. देशात पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, सरकारी म्हटलं की सगळ्यांच्या माना आपोआप डोलायच्या.

आष्टीच्या रस्त्यावर, गावापासून दोन-तीन मैलांवर तो डाक बंगला होता. मी नांदायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिले, तर समोरच्या रसोईत पांढरा कोट घालून माझा नवरा बोकडाच्या मांडीतलं हाड सोडवत होता. मी किंचाळलेच.

"तुमी स्वैपाकी आहे?"

"खानसामा," हे म्हणाले. आणि असे म्हणाले, की जणू कलेक्टर त्याच्या खालीच असतो.

मी तीन दिवस रडले. हे म्हणाले, "मी तुह्या मामाले सांगतलं होतं. लपवाचं काऊन?" मला ते खरं वाटलं नाही. ज्या संसाराची सुरुवातच थापेने झाली, तिथे यांच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं. माझं ठरलं की ठरलं. या स्वभावाने मला आयुष्यात काय काय दिलं ते देवालाच ठाऊक. काय नेलं ते मात्र मला चांगलं ठाऊक आहे.

आमची खोली बंगल्याच्या मागे होती. खोली आणि रसोई यांच्यामध्ये पंधरा पावलांचं अंगण. माझ्या चुलीपाशी बसलं की रसोईतलं सगळं दिसायचं. दिवाळी झाली की साहेब लोकांचे दौरे सुरू व्हायचे, ते होळीपर्यंत. साहेब आता आपलेच, पण जेवण गोऱ्यांच्याच वेळचं लागायचं. त्यात एकाला तर दर खेपेस इष्टेक हवा असायचा, म्हणजे तव्यावर भाजलेला मटणाचा जाड काप.

तेव्हा हे बोकडाच्या मांडीचे बोटभर जाडीचे काप काढायचे. ते फडक्याने टिपून टिपून कोरडे करायचे. वरून मीठ आणि भरड मिरी. मग ते काप झाकून तसेच पडू द्यायचे. जड लोखंडी तवा धूर सुटेपर्यंत तापवायचा, त्यावर तूप आणि मग तो काप. 'चर्र' आवाज माझ्या चुलीपर्यंत यायचा. एकदा टाकला की हात लावायचा नाही. आपण कसे भाजी सारखी ढवळत बसतो, तसं नाही. हे कमरेवर हात ठेवून नुसते उभे. मग एकदाच उलटायचा, लसणाच्या पाकळ्या आणि लोण्याचा गोळा टाकायचा, तवा तिरका करून ते लोणी चमच्याने कापावर सोडत राहायचं. उतरवल्यावरही लगेच कापायचा नाही. "त्याले दम खाऊ दे," असं हे स्वतःशीच म्हणायचे. मग त्याच तव्यात गाजर, घेवड्याच्या शेंगा, लहान बटाटे, कांद्याच्या फोडी. आधी अर्धवट उकडलेल्या. त्यांच्या कडा तांबूस झाल्या की ताटलीत मांडायच्या आणि तव्यात उरलेलं लोणी त्यांच्यावर ओतायचं. हे सगळं मी भाकरी थापता थापता पाहायची. माझी भाकरी करपायची.

साहेब जेवून उठले की हे विहिरीवर अंघोळ करायचे आणि मग एक झाकलेली पितळी घेऊन माझ्या दाराशी यायचे. आत यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे.

"भाजी आहे. अलग तव्यातली. तुह्यासाठीच घेतला तवा, आष्टीच्या बजारातून. मटनाले लावला नाई त्याले."

"तवा काय बोलून राह्यला का, मले लावलं नाई म्हनून?"

"मी बोलून राह्यलो नं."

"ठेवा तिथं."

हे उंबऱ्यावर ठेवायचे आणि जायचे. मी झाकण काढून बघायची. गाजर, शेंगा, बटाटे, सगळं साहेबाच्या ताटलीत मांडतात तसंच मांडलेलं. वास असा, की झाकण परत ठेववत नसे. मग मी उठायची आणि ती पितळी चौकीदाराच्या बकरीपुढे रिकामी करायची. दोन हिवाळ्यांत ती बकरी चांगली तुकतुकीत झाली. यांना ते दिसत नव्हतं असं नाही. तरी पुढच्या दौऱ्याला पुन्हा झाकलेली पितळी घेऊन दाराशी हजर. बायकोने एकदा आपल्या हातचं खावं, एवढी एकच हौस होती या माणसाला. पगार वाढावा, बदली व्हावी, असलं काही कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात एक दिवस साहेब यायचे होते. सकाळीच मटण आलं होतं, काप मीठ लावून ठेवले होते. दुपारी तहसिलीतला चपराशी सायकल हाणत आला. दौरा रद्द. हे थोडा वेळ रसोईच्या पायरीवर बसले. मग उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आज आपल्याच आंगनात करतो. तू समोर बस अन् पाहाय. मंग तरी खाशीन?"

मी म्हटलं, "पाहीन." खाईन म्हटलं नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला खायचं होतं. तीन वर्षं वास घेऊन घेऊन माझाही हट्ट मऊ पडला होता, फक्त तो कबूल करायला काही निमित्त हवं होतं.

दिवस कलायच्या आधी यांनी अंगण झाडलं. दोन वेगळ्या चुली मांडल्या, तीन-तीन दगडांच्या. अंघोळ केली. माझा तवा आणला, लहानसा, काळा. माझी भाजी आधी. मी पाटावर समोर, पोलिसासारखी. हे गाजराची एकेक फोड बोटाने सरळ करत होते. मान वर करून मध्येच माझ्याकडे बघायचे आणि हसायचे. पंच्याची घडी घालून त्यांनी त्याचं फूल केलं, साहेबाच्या टेबलावर करायचे तसं, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मला हसू आलं. लग्नानंतर यांच्यासमोर मी तेव्हा पहिल्यांदा मोकळी हसले असेन.

माझी भाजी ताटात मांडून झाली. मग यांनी दुसऱ्या चुलीवर स्वतःसाठी इष्टेक टाकला. चर्र झालं, उलटला, लसूण, लोणी. उतरवून बाजूला ठेवला. "त्याले दम खाऊ दे," म्हणाले. आणि पुढचं सगळं एका श्वासात झालं. त्यांचा डावा हात तव्याच्या दांडीकडे गेला, तवा उचलला आणि उरलेलं लोणी माझ्या ताटातल्या भाजीवर ओतलं. न बघता. दहा वर्षांची हाताची सवय. काप उतरला की लोणी भाजीवर, हे त्या हाताला माहीत होतं. ताट कुणाचं आहे हे हाताला कुठून माहीत असणार?

त्यांनी बघितलं तेव्हा तवा अजून तिरकाच होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला आज तो दिसतो. आज मला कळतं, की तेव्हा हसायला हवं होतं. "अवो, काय केलं हे! दुसरी करा," एवढंच म्हणायचं होतं. टोपलीत भाजी उरली होती. तवा अजून गरम होता.

मी उठले आणि म्हणाले, "पाह्यलं! असंच करत आले तुमी. मले बाटवाले निंघाले. खोटे आहे तुमी, तुमचं तोंडबी खोटं अन् हातबी खोटा."

यांनी तवा खाली ठेवला. दोन्ही चुलींवर पाणी टाकलं. आपला इष्टेकही त्यांनी खाल्ला नाही.

त्यानंतर झाकलेली पितळी कधी दाराशी आली नाही. साहेब येत, तवा चर्र करी, मी भाकरी थापी. मला वाटलं, मी जिंकले. मग मी भावामागे लकडा लावला. तो वर्ध्याला होता, त्याच्या चार ओळखी होत्या. एका कचेरीत चपराशाची जागा निघाली. "खानसामा म्हणवून घेण्यापेक्षा चपराशी बरा," असं मी यांना ऐकवलं. हे म्हणाले, "तुह्या मर्जीनं." पांढरा कोट धुऊन, घडी करून त्यांनी बंगल्याच्या कपाटात ठेवून दिला.

निघायच्या दिवशी दारात बंडी उभी होती. हे बैल जुंपत होते. मी मागे काही राहिलं का म्हणून बघत होते. रसोईत आतापर्यंत मी पाय ठेवला नव्हता. म्हटलं, आता काय, एकदा बघावं. वर आढ्याला, हात पोचणार नाही इतक्या उंच, एक गाठोडं लटकत होतं. काठीने काढलं. कापड ओळखीचं निघालं, माझ्याच फाटक्या लुगड्याचा तुकडा. आत तो लहान तवा. त्याच्याबरोबर एक लाकडी उलथणं, एक छोटी सुरी, धुऊन वाळवलेलं फडकं, तुपाची डबी. आणि चिंधीच्या दोन पुरचुंड्या. एकीत मिरी, एकीत मीठ.

मी ते मीठ हातात धरून खालीच बसले. तवा वेगळा आहे, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. मीठ वेगळं आहे, हे एकदाही सांगितलं नव्हतं. रसोईत मिठाचा हा एवढा मातीचा सट होता. पण मटणाचा हात त्यात जातो, म्हणून या माणसाने माझ्यासाठी चिमूटभर मीठही निराळं बांधून आढ्याला टांगलं होतं. कोणाला दाखवायला नाही. कोणाला सांगायला नाही. आणि मी त्यांना खोटं म्हणाले होते.

बाहेर येऊन पाया पडावं असं वाटलं. पण मी काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, "हा तवा घ्याचा का टाकाचा?"

यांनी गाठोडं बघितलं, सुटलेली गाठ बघितली. "तुह्या मर्जीनं," म्हणाले आणि बैलांकडे वळले.

वर्ध्याला आम्ही तीस वर्षं राहिलो. चपराशाचा खाकी डगला त्यांना खांद्यात कधी नीट बसला नाही. मी दर हिवाळ्यात बाजारातून कोवळी गाजरं आणायची, घेवडा, लहान बटाटे. धुऊन, चिरून ताटात मांडायची, तो तवा शेजारी ठेवायची आणि ते कचेरीतून यायच्या वेळी ताट त्यांच्या नजरेसमोर येईल असं ठेवायची. हे यायचे, टोपी खुंटीला लावायचे, ताटाकडे बघायचे. "भाजी चांगली भेटली," म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. मी चिडवते आहे असं त्यांना वाटत असेल का? की मी तोंडाने मागावं याची वाट बघत होते ते? "करून द्या मले," या तीन शब्दांना किती वेळ लागतो? मला तीस वर्षं पुरली नाहीत. मग एका हिवाळ्यात गाजरं आली आणि हे नव्हते.

आता मी करते. कोरडं पुसते, तवा धूर सुटेपर्यंत तापवते, फोडी टाकल्या की हात लावत नाही, कमरेवर हात ठेवून उभी राहते. कडा तांबूस होतात. नातवंडं बोटं चाटतात. चव तीच असेल की नाही, मला कुठून कळणार? त्यांच्या हातची मी कधी खाल्लीच नाही. ती खाल्ली चौकीदाराच्या बकरीने.

मिठाची ती पुरचुंडी विरली, मी नवी बांधली. ती खिळ्याला टांगलेली असते, भाजी करताना तिच्यातलंच मीठ घेते आणि दुसऱ्या कशासाठी तिला हात लावू देत नाही. परवा सून म्हणाली, "आई, आपल्या घरात तर मटन शिजतच नाई. मंग हे मीठ अलग कायले?"

मी म्हटलं, "राहू दे." ज्यांना सांगायचं होतं त्यांनाच कधी सांगितलं नाही, हिला काय सांगू?